जुन्या मोटारींचे इंजिन शीतन

जुन्या मोटारींचे इंजिन शीतन म्हणजे अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या मोटारींच्या इंजिनातील जादा उष्णता पाण्यामार्फत रेडिएटरकडे नेऊन हवेत सोडण्याची व्यवस्था होय. सातारा व सांगली जिल्ह्यांत घाटांचे चढ, कडक उन्हाळा आणि क्षारयुक्त पाणी यांमुळे तिच्यावर विशेष ताण पडतो.

घाट आणि गिअर

अशा बहुतेक मोटारींत पाण्याचा पंप व पंखा पट्ट्याद्वारे इंजिनावरच फिरतात. खंबाटकी किंवा वाई–पाचगणी मार्गावरील पसरणी घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी ओढल्यास इंजिनाचे फेरे घटतात. पंप व पंखा मंदावतात, भार मात्र कायम राहतो. खालच्या गिअरमध्ये फेरे वाढून पाणी व हवा अधिक खेळते. क्लच अर्धवट दाबून गाडी चढावर धरल्यास त्याची तबकडी तापून झिजते. गिअरपेटीतील तेल कमी झाल्यास दात्यांचे घर्षण व तापमान वाढते. उतारावर खालचा गिअर ब्रेकवरील भार हलका करतो.

पाणी

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून उंच असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९५–९६° सेल्सियसलाच उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण हा उत्कलनबिंदू वाढवते; म्हणून झाकण सैल झाल्यास पाणी लवकर उकळते. इंजिन तापलेले असताना झाकण उघडल्यास वाफ उसळून गंभीर भाजू शकते.

जत, आटपाडी यांसारख्या सांगलीच्या अवर्षणप्रवण तालुक्यांत कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी भरत राहिल्यास रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर साचून उष्णता बाहेर पडणे मंदावते. त्यामुळे ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट यांचे मिश्रण वापरणे योग्य ठरते.