आकाशांतला कित्ता आणि त्याचे परीक्षक

संक्रांतीच्या दिवशीं नंदुरबार-शहाद्याकडे घराघराच्या छपरावर पतंग चढतात. पेंच लागतो, मांजा मांजाला घासतो आणि दोहोंपैकीं एक पतंग कटून वाऱ्याबरोबर निघून जातो. या खेळाला परीक्षक लागत नाहीं. कोण जिंकलें हें तुटलेला दोराच सांगतो. परंतु त्याच आकाशांत दोन मीटर पंखांचें एखादें छोटें विमान, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतील बिनतारी यंत्राच्या आज्ञेनें, उभें वर्तुळ काढूं लागलें तर प्रश्न निराळा होतो. तें वर्तुळ गोल झालें कीं अंड्यासारखें, जेथें सुरू झालें तेथेंच मिटलें कीं हातभर खालीं, हें सांगावयास तेथें दोरा नसतो. वर्तुळहि मागें राहत नाहीं. काढतां काढतांच तें पुसलें जातें. निकाल द्यावयाचा तो खुर्चीवर बसलेल्या चार-पांच माणसांच्या डोळ्यांनीं. हा डोळा जन्मतः कोणास मिळत नाहीं, तो घडवावा लागतो. आणि तो घडविण्याची रीत बसावयास पन्नासएक वर्षें लागलीं.

माणसाचें विमान आकाशांत प्रथम उलटेंसुलटें झालें तेव्हां परीक्षकाची उणीव कोणालाच भासली नाहीं. १९१३ सालच्या सप्टेंबरच्या ९ तारखेस रशियन लष्करांतील प्योत्र नेस्तेरोव्ह यानें कीव शहरीं आपल्या विमानानें उभें वर्तुळ पुरें केलें. यालाच वैमानिक ‘लूप’ म्हणतात. शाबासकीऐवजीं त्याच्या वांट्यास आधीं अटकेचा हुकूम आला, कारण त्यानें सरकारी मालमत्ता धोक्यांत घातली होती! त्याच महिन्यांत फ्रान्सच्या आदोल्फ पेगू यानें तीच कसरत करून दाखविली आणि तो युरोपभर गाजला. त्या दिवसांत लूप पुरा करून जिवंत उतरणें म्हणजेच दहापैकीं दहा गुण. तो किती गोल होता हें विचारणार कोण?

पुढें वैमानिक वाढले, चढाओढी सुरू झाल्या आणि अडचण उभी राहिली. १९३४ सालीं पॅरिसजवळ व्हँसेन येथें जागतिक चषकाची स्पर्धा झाली व ती जर्मनीच्या गेर्हार्ट फीझलर यानें जिंकली. परंतु एकाचा लूप आणि दुसऱ्याची गिरकी यांची तुलना कोणत्या मापानें करावयाची? अमुक कसरत कशी दिसावी याबद्दल दोन जाणत्यांचें एकमत व्हावयाचें तर दोघांच्या समोर तिचें एकच चित्र हवें. हें चित्र दिलें स्पेनच्या होसे लुइस आरेस्ति या वैमानिकानें. त्यानें हवाई कसरतींची एक लिपिच तयार केली. विमान सुलटें असेल तेथें अखंड रेषा, उलटें असेल तेथें तुटक रेषा. आरंभीं एक ठिपका, शेवटीं एक छोटी उभी रेघ. प्रत्येक आकृतीला तिच्या कठीणपणाप्रमाणें एक गुणक ठरविलेला. १९६० च्या दशकांत जागतिक हवाई क्रीडासंघानें ही लिपि आपली म्हणून स्वीकारली.

परीक्षणाचा खरा इतिहास येथून सुरू होतो असें म्हणावें लागेल. मुलाच्या हातीं कित्ता नसतांना त्याच्या अक्षराला गुण देणें म्हणजे देणाऱ्याची लहर. कित्ता समोर असला कीं ‘अ’ चा कान्हा वांकडा आहे, हें देणारा व घेणारा दोघेहि पाहूं शकतात. आरेस्तिनें आकाशाला कित्ता दिला.

छोट्या विमानांची कथा याच्याशीं समांतर चालली. १९०५ सालीं स्थापन झालेल्या त्याच जागतिक संघाच्या छत्राखालीं १९६० हें वर्ष दोन्ही दृष्टींनीं महत्त्वाचें ठरलें. मोठ्या विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा त्या वर्षीं ब्रातिस्लाव्हा येथें झाली, आणि बिनतारी नियंत्रणाच्या छोट्या विमानांची स्वित्झर्लंडमध्यें ड्यूबेनडॉर्फ येथें. दुसरी स्पर्धा अमेरिकेच्या एड काझमिर्स्की यानें जिंकली. त्या काळचीं यंत्रें आजच्या मुलांना गंमतीचीं वाटतील. यंत्राच्या पोटांत पेटीच्या सुरांसारख्या धातूच्या पातळ पट्ट्या असत. विशिष्ट सूर आला कीं विशिष्ट पट्टी कांपे आणि सुकाणू एका बाजूस पुरें वळे. थोडेंसें वळविण्याची सोय नव्हती. चालक बोटानें कळ पुनः पुनः टिचकावून विमान सांवरीत असे. अशा साधनानें काढलेला लूप थोडा कोनाकोनाचा दिसला तरी परीक्षक मान डोलवीत. पुढें हाताच्या हालचालीच्या प्रमाणांत सुकाणू हलविणारीं यंत्रें निघालीं. १९६७ सालीं कॉर्सिकांत जगज्जेता ठरलेला फिल क्राफ्ट हा स्वतःच अशीं यंत्रें बनविणारा होता. चालकाचा हात मोकळा झाला आणि त्याबरोबर परीक्षकाची सबबहि गेली. काल ज्याला नऊ मिळत त्याला आज सहा मिळूं लागले.

१९८० च्या दशकांत आणखी एक फरक झाला. तोंपर्यंत विमान समोर येऊन कसरत करी, दूर जाऊन निवांतपणें वळे व पुन्हां समोर येई; त्या वळण्याला गुण नसत. आतां वळणेंहि कसरतींतच गणलें जाऊं लागलें. परीक्षकाला श्वास घेण्यास जी उसंत मिळे ती नाहींशी झाली. आठ मिनिटांच्या आंत एकामागून एक आकृति येते आणि प्रत्येकीचा गुण पुढची सुरू होण्यापूर्वीं सांगावा लागतो. म्हणून परीक्षकाशेजारीं लेखनिक बसतो. परीक्षकानें तोंडानें गुण सांगावा, डोळा खालीं घेऊं नये.

नवशिक्याला पहिल्या दिवशीं शिकवितात ती गुण देण्याची दिशा. शुद्धलेखन तपासणारा शिक्षक जसा पूर्ण गुणांपासून चुका वजा करीत जातो, तसा हाहि दहापासून खालीं उतरतो. रेषा सरळ उभी हवी असतां पंधरा अंशांनीं कलली तर एक गुण गेला. त्याहून कमी कलली तर अर्धा. वर्तुळाचा अर्धव्यास मध्येंच बदलला, गिरकीचा वेग सारखा राहिला नाहीं, आकृति मैदानाच्या मध्यरेषेवर बसली नाहीं, या सर्वांची वजाबाकी वेगळी. जो गुण उरतो त्याला आकृतीच्या कठीणपणाच्या गुणकानें गुणावयाचें. साडेसात गुण आणि गुणक चार, तर तीस. विमान चालकापासून सुमारें दीडशें मीटरांवर उडावें, पावणेदोनशेंच्या पलीकडे जाऊं नये असाहि दंडक आहे. दूर गेल्यानें चुका लपतात हें चालकांना ठाऊक असतें आणि नियम करणारांनाहि.

वर्गांतील शिक्षणास साधन अगदीं साधें लागतें. काठीच्या टोंकाला हातभराचें लांकडी विमान बसवून शिक्षक तें हवेंत फिरवितो आणि विचारतो, आतां पोट कोणीकडे, पाठ कोणीकडे? हें सोपें वाटतें. पण विमान उलटें होऊन गिरकी घेत आडवें गेलें कीं चांगले चांगले गोंधळतात. तें बिनचूक जमल्यावर मैदान. तेथें वारा हा मोठा परीक्षक असतो. वारा आडवा असला म्हणजे कुशल चालक विमानाचें नाक किंचित् वाऱ्याकडे ठेवतो, त्यामुळें नाक तिरपें दिसतें परंतु मार्ग सरळ राहतो. नवशिका नाकाकडे पाहून गुण कापतो. त्याला शिकवावें लागतें कीं गुण मार्गाला आहेत. जणूं विमानाच्या शेपटीला खडू बांधला आहे आणि आकाश ही पाटी आहे. पाटीवर काय उमटलें तेवढेंच पाहावयाचें.

पुस्तकानें येथवर येतां येतें. पुढचें शिक्षण शेजारीं बसून होतें, आणि तें कसें हें खानदेशच्या वाचकाला निराळें सांगावयास नको. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांत, तापीकांठीं सारंगखेड्यास, दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें जाणता गिऱ्हाईक घोड्याची चाल पाहतो, अंगावरचे भोंवरे पाहतो, आणि त्याच्या मागें उभा असलेला त्याचा मुलगा किंवा भाचा तोंड मिटून तेंच पाहत असतो. बाजार उठल्यावर प्रश्न निघतात. नवा विमान-परीक्षकहि असाच अनुभवी परीक्षकाजवळ बसतो. स्वतःचे गुण तो वेगळ्या कागदावर लिहितो. ते निकालांत धरले जात नाहींत. संध्याकाळीं दोन कागद शेजारीं ठेवले जातात. तिसऱ्या आकृतीला गुरूनें साडेपांच दिले, शिष्यानें आठ. हे अडीच गुण कोठें गेले याचा शोध म्हणजेच धडा. जागतिक स्पर्धेच्या आधीं मुरलेल्या परीक्षकांनाहि एकत्र बसवून अशींच सरावाचीं उड्डाणें दाखवितात.

या शोधांत जीं दुखणीं सांपडतात तीं कोणत्याहि परीक्षेंतलीं आहेत. एकजण भित्रा असतो. तो सर्वांना सहा आणि आठ यांच्या मधेंच ठेवतो, म्हणजे कोणाचा रोष नको. अशा परीक्षकाचे गुण असून नसून सारखेच, कारण त्यानें निवड केलेलीच नसते. दुसरा आकृतीची तुलना कित्त्याशीं न करतां आधींच्या स्पर्धकाशीं करतो. मग वाईट चालकानंतर येणारा भाग्यवान् ठरतो. तिसरें दुखणें सर्वांत खोल. ऑस्ट्रियाचा हान्नो प्रेटनर १९७७ पासून कित्येकदां जगज्जेता झाला. असा माणूस मैदानांत आला कीं पाहणाऱ्याच्या मनांत नऊ गुण आधींच लिहिले जातात. आणि त्याच्या पाठोपाठ लहान गांवाहून आलेला, घरीं विमान बनविलेला, कोणाच्या ओळखीचा नसलेला तरुण तीच आकृति तितकीच नीट काढतो व त्याला सात मिळतात. त्यानें वर्षभर सराव केलेला असतो आणि त्याच्या हातीं आठच मिनिटें असतात. हा अन्याय दुष्टपणानें होत नाहीं म्हणूनच तो ओळखणें कठीण. गणित येथें थोडी मदत करतें. सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुण वगळण्याची रीत जुनी आहे; पुढें तारासोव्ह, बाउर आणि लाँग या तिघांच्या नांवानें ओळखली जाणारी आंकडेमोडीची पद्धति आली. कोणत्या परीक्षकाचा गुण इतरांच्या मानानें फारच वेगळा पडला हें ती हुडकते आणि त्याचा भार कमी करते. म्हणजे परीक्षकांचीहि परीक्षा झाली! तथापि पांचहि जण एकाच मोठ्या नांवाला भुलले तर कोणतेंहि गणित आंधळेंच.

आपल्याकडे ही अडचण अगदीं नवी नाहीं. बाळंभटदादा देवधरांनीं पेशवाईच्या अखेरीस मल्लखांब पुन्हां उभा केला, तेव्हां उस्तादाची मान हलली कीं झालें. १९८१ सालीं उज्जैन येथें राष्ट्रीय संघटना व स्पर्धा आल्यावर तीच कला गुणपत्रिकेवर उतरवावी लागली. विमानांचे नमुने उडविण्याची चढाओढ आपल्या विद्यार्थ्यांना परिचित झाली ती विशेषतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेमुळें. तिच्या अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरांत ही स्पर्धा असते. त्यांतील एका प्रकारांत विमान पोलादी तारांनीं चालकाच्या मुठीशीं बांधलेलें असतें आणि त्याच्याभोंवतीं अर्ध्या गोलावर फिरतें. या प्रकाराच्या जागतिक नियमांत तारेची लांबी साडेएकवीस मीटरांपर्यंत चालते आणि सरळ उड्डाण जमिनीपासून दीड मीटर उंचीवर हवें. परीक्षक वर्तुळाबाहेर, वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूस बसतात, कारण चालक आपल्या आकृति वारा जातो त्या बाजूस काढतो.

बिनतारी विमानांच्या नियमांत एक लहानसें कलम आहे, आणि नवशिक्यांना तें सर्वांत अवघड जातें. सूर्य डोळ्यांत आला, विमान ढगाआड गेलें, किंवा क्षणभर लक्ष ढळलें, तर परीक्षकानें अंदाजानें गुण देऊं नयेत. त्यानें लेखनिकाला ‘पाहिलें नाहीं’ एवढेंच सांगावें. मग त्याच्या रकान्यांत बाकीच्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी भरली जाते. पहिल्या वर्षीं हे शब्द सहसा कोणाच्या तोंडून निघत नाहींत. चार माणसांच्या पंक्तींत बसून आपण पाहिलें नाहीं हें कबूल करणें जड जातें, आणि साडेसहा म्हणून मोकळें होणें फार सोपें असतें. म्हणून सरावाच्या उड्डाणांनंतर कागद तपासणारा जुना परीक्षक नव्याचे गुण पाहण्याआधीं आणखी एक गोष्ट पाहतो: दिवसभर ऊन समोरून असतांना याच्या कागदावर ते दोन शब्द एकदां तरी आले आहेत काय.