नृत्यप्रयोगांचे चित्रमुद्रण : पेडणे व डिचोली

उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांत दशावतार व शिगम्यातील घोडेमोडणी हे प्रकार प्रामुख्याने पाहून-शिकूनच चालत आले असल्याने चित्रमुद्रण हे त्यांच्या जतनाचे अत्यंत मोलाचे साधन आहे. डिचोलीच्या घोडेमोडणीत नर्तक कमरेला लाकडी घोडा बांधून, एका हाती लगाम व दुसऱ्या हाती तलवार धरून ढोल-ताशांच्या ठेक्यावर पुढे-मागे नाचतो. कॅमेरा चेहऱ्यावर व तलवारीवरच रोखला, तर घुंगरू बांधलेल्या पायांची चाल निसटते, म्हणून सर्व नर्तकांची रांग दिसेल असे एक स्थिर दृश्य आरंभापासून अखेरपर्यंत घ्यावे लागते. पेडण्यातील जत्रांत रात्री रंगणाऱ्या दशावताराचे संवाद आयत्या वेळी रचले जात असल्याने एकाच आख्यानाचे दोन प्रयोग सारखे नसतात आणि निवडक तुकड्यांचे मुद्रण अभ्यासाला फारसे उपयोगी पडत नाही. जुन्या चुंबकीय फितींना, म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना, दमट हवेत बुरशी लागते; त्यामुळे त्यांच्या डिजिटल प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवणे, तसेच स्थळ, तिथी, नर्तक व वादक यांची नोंद प्रतीसोबत जोडणे अगत्याचे ठरते. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार प्रयोगावरील कलाकाराचा हक्क 50 वर्षे टिकतो, म्हणून मुद्रणापूर्वी कलाकारांची संमती घेतली जाते.