सफारी: हमालीपासून खंडापर्यंत

एम.ए.च्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना गेल्या वर्षी सहज एक प्रश्न विचारला. ‘सफर’ आणि ‘सफारी’ यांत फरक काय? ताडोबाच्या परिसरातील एका गावातून आलेल्या विद्यार्थ्याने उत्तर दिले, “सर, आम्ही तेंदूपत्त्याला जातो ते जंगलात जाणं. पाहुणे जातात ती सफारी.” वर्ग हसला. मला मात्र हे उत्तर कोशातल्या अर्थापेक्षा अधिक नेमके वाटले. जंगल एकच, वाटही पुष्कळदा एकच. पण एकाच्या जाण्याला नाव आहे, तिकीट आहे, छायाचित्र आहे, आणि दुसऱ्याच्या जाण्याला यांपैकी काहीच नाही. हा भेद कोठून आला, याचा शोध घ्यायचा तर ताडोबापासून दूर, हा शब्द जेथे घडला त्या पूर्व आफ्रिकेपर्यंत जावे लागते.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच, अरबी ‘सफर’. तो फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि समुद्राच्या वाटेने झांझिबारकडील स्वाहिलीत जाऊन ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत आजही त्याचा अर्थ केवळ प्रवास एवढाच आहे. नैरोबीहून मोंबासाला नातलगांकडे बसने जाणे हीसुद्धा सफारीच, आणि निघणाऱ्याला ‘सफारी न्जेमा’ म्हणतात, म्हणजे प्रवास सुखाचा होवो. इंग्रजी वाचकांना या शब्दाची ओळख झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, रिचर्ड बर्टनसारख्या प्रवाशांच्या लेखनातून. हा बर्टन आफ्रिकेत जाण्यापूर्वी मुंबई इलाख्याच्या लष्करात होता आणि अन्य भारतीय भाषांबरोबर मराठीही शिकला होता. तेव्हा ‘सफर’ त्याला नवी नसणार!

त्या काळची सफारी म्हणजे व्यापारी तांडा. खंडाच्या आतल्या भागातून किनाऱ्याकडे हस्तिदंत येई, गुलाम येत. यातील बराचसा व्यवहार झांझिबारच्या कच्छी व्यापाऱ्यांच्या भांडवलावर चाले. माल मात्र वाहिला जाई तो माणसांच्या डोक्यावरून. ‘हमाल’ हा शब्दही आपल्याकडे अरबीतूनच आलेला आहे, हे येथे नोंदवून ठेवतो. सफारीच्या इतिहासात स्थानिक माणसाचा पहिला प्रवेश असा हमाल म्हणून होतो, आणि पुढे तांड्याचा हेतू बदलला तरी त्याची भूमिका फारशी बदलत नाही.

१८९० नंतरच्या काही वर्षांत गुरांच्या बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेतील बहुतेक गुरे मेली. ज्यांचे सारे जगणे गाईवर उभे, त्या मासाई लोकांवर दुष्काळ आणि देवी यांचेही संकट त्याच सुमारास कोसळले. १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले (त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले गेले), तेव्हा वसाहतवाल्यांना जी विस्तीर्ण ‘रिकामी’ कुरणे दिसली, ती अशी नुकतीच रिकामी झालेली होती. १९०४ आणि १९११ च्या करारांनी मासाईंना उत्तम चराऊ जमिनींवरून हलवण्यात आले. त्याविरुद्ध ते न्यायालयात गेले. १९१३ साली दावा फेटाळताना जो युक्तिवाद मान्य झाला तो वाङ्मयाच्या अभ्यासकालाही विचार करायला लावणारा आहे: हा करार दोन सत्तांमधील तह आहे, सबब न्यायालयाला त्यात लक्ष घालता येणार नाही! जमीन घेताना मासाई अचानक सार्वभौम ठरले.

याच सुमारास सफारीला तिचा आजचा अर्थ मिळाला, आणि तो मिळवून देण्यात एका पुस्तकाचा वाटा मोठा आहे. अमेरिकेचे अध्यक्षपद सोडताच थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या एप्रिलमध्ये मोंबासाला उतरला. त्याने आणि मुलगा कर्मिट याने मिळून ५१२ प्राणी मारले, आणि १९१० साली ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ या पुस्तकात त्यांची जातवार यादीही दिली. निसर्गवर्णनाच्या दृष्टीने हे पुस्तक टाकाऊ नाही; रूझवेल्टची नजर चांगल्या निरीक्षकाची आहे. पण त्यातील माणसांची मांडणी पाहावी. बंदूक वाहणाऱ्या काहींना नावे आहेत, गोऱ्या सोबत्यांना चरित्रे आहेत, आणि पेट्या-तंबू वाहणारे शेकडो पाय ही एक चालती रांग आहे. पुढे हेमिंग्वेच्या ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’त (१९३५) माणसे अधिक जवळून येतात, संवादही करतात, तरीही भूमी कोणाची हा प्रश्न कथनाच्या मध्यभागी कधी येत नाही. सफारी-वाङ्मयातील स्थानिक माणूस वाट दाखवतो, त्याला वाट मात्र नसते.

शिकाऱ्यांनाच पुढे प्राण्यांची चिंता वाटू लागली. साम्राज्यातील वन्यप्राणी वाचवण्यासाठी १९०३ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या सदस्यांना टीकाकार ‘पश्चात्तापदग्ध खाटीक’ म्हणत. चिंता खरी होती, उपाय मात्र सोयीचा होता. परवाना घेऊन मारणारा गोरा ‘शिकारी’ ठरला आणि पोटासाठी मारणारा आफ्रिकी ‘चोरटा शिकारी’. मासाई तर रानातल्या जनावराचे मांस सहसा खातच नसत. गुरे मेली तर उपाशी दिवसांत आधार देणारी ‘दुसरी गुरे’ असे ते वन्यप्राण्यांकडे पाहत. ही ‘दुसरी गुरे’ हातची गेली ती अभयारण्यांमुळे.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली तेव्हा हे बदलेल असे वाटले होते. बर्नहार्ड झिमेक आणि त्याचा मुलगा मिखाएल यांनी छोट्या विमानातून सेरेंगेटीतील जनावरांची गणती केली. १९५९ च्या जानेवारीत विमान कोसळून मिखाएल गेला. त्याच वर्षी आलेल्या ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ या नावाच्या पुस्तकाने व चित्रपटाने जगाचे मन जिंकले; चित्रपटाला ऑस्कर मिळाले. मुलगा गमावलेल्या बापाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण विमानातून पाहिलेल्या कुरणावर माणूस दिसतो तो ठिपक्याएवढा. त्याच वर्षी सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मासाईंना शेजारच्या न्गोरोंगोरो भागात हलवण्यात आले. कॅमेऱ्याच्या चौकटीतून माणूस वगळणे आणि भूमीवरून त्याला वगळणे, या दोन क्रिया एकाच साली घडल्या. याला मी योगायोग म्हणू शकत नाही.

आपल्याला वगळल्याचे उत्तर अंबोसेलीच्या मासाईंनी भाल्याने दिले. किलीमांजारोच्या पायथ्याशी असलेल्या या पाणथळीवर त्यांची गुरे पिढ्यानपिढ्या उन्हाळे काढत. पाणथळ उद्यानासाठी घेण्याच्या हालचाली वाढल्या, तसे तरुण मोरान गेंडे आणि सिंह भाल्याने मारू लागले, आणि मांसासाठी नव्हे. ज्या जनावरासाठी आम्हाला घालवता ते जनावरच राहिले नाही तर, असा तो प्रश्न होता. १९७४ साली उद्यान जाहीर झालेच. बदल्यात पाण्याची नळयोजना आणि भरपाई यांचा शब्द दिला गेला; नळ काही वर्षांत कोरडे पडले, भरपाईही नियमित राहिली नाही. आपल्याकडील कोणत्याही धरणग्रस्ताला ही हकिकत पाठ आहे.

१९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. ‘जबाबदार’ पर्यटनाचा हा प्रारंभबिंदू म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात १९७७ ते २०१६ या काळात केनियाच्या कुरणांतील वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटल्याचे तेथील दीर्घकालीन गणनेतून दिसते. बंदूक थांबूनही प्राणी का घटले? कारणे अनेक आहेत: शेती, कुंपणे, वाढलेले कळप, चोरटी शिकार, अवर्षण. पण त्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. तेथील बहुसंख्य वन्यप्राणी उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनींवर राहतात. तिकिटाचा पैसा उद्यानाच्या दारावर जमा होई. झेब्रा चरे तो शेजारच्या मासाईच्या रानात, सिंह खाई ती त्याची गाय. अशा माणसाने गव्हासाठी जमीन दिली किंवा तारेचे कुंपण घातले, तर त्याला बेजबाबदार कोणत्या तोंडाने म्हणायचे?

या ठिकाणी इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळते, आणि ते मिळते जमिनीच्या सात-बाऱ्यातून. १९६८ च्या कायद्याने मासाईंच्या सामूहिक जमिनींना मान्यता मिळाली होती. पुढील दशकांत त्या तुकडे करून कुटुंबांच्या नावे झाल्या. यामुळे कुरणे तुटतील ही भीती रास्त होती. पण मारा अभयारण्याच्या उत्तरेला व पूर्वेला काही जमीनमालकांनी वेगळी वाट काढली. त्यांनी आपले तुकडे पुन्हा एकत्र आणले आणि पर्यटन कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले. २००५ मध्ये ओल किन्येई, २००६ मध्ये ओलारे ओरोक, २०१० मध्ये पाचशेहून अधिक जमीनमालकांचे नाबोइशो. पर्यटक येवोत न येवोत, ठरलेली रक्कम मालकाच्या खात्यात जमा व्हावी, हे या व्यवस्थेचे सूत्र. ओलारे मोटोरोगी या क्षेत्रात ७०० एकरांमागे एकच तंबू, असा नियम आहे. २०१३ च्या कायद्याने अशा लोकसंवर्धन क्षेत्रांना वैधानिक मान्यताही दिली.

मराठी वाचकाला हे समजावून देण्यासाठी आपल्याच मातीतला शब्द पुरेसा आहे: खंड. कूळ जमीन कसते आणि मालकाला खंड देते. माराच्या परिसरात आलिशान तंबू उभारणारी कंपनी ही कूळ आहे आणि काठी टेकून उभा असलेला मासाई हा मालक आहे. हमाल, बंदूक-वाहक, वाटाड्या, नर्तक या साऱ्या भूमिकांत त्याला मजुरी मिळत होती, क्वचित बक्षिसी. खंड ही वेगळी गोष्ट आहे. मजुरी घेणाऱ्याला कामावरून काढता येते. खंड घेणारा स्वतःच पट्टा संपवू शकतो. पर्यटकाचे सौजन्य, प्लास्टिक न टाकणे, आवाज न करणे, हे सारे इष्ट आहे. पण ‘जबाबदार’ या विशेषणाचा भार तेवढ्याने पेलत नाही. ज्याच्या दारात आपण उभे आहोत त्याला ‘येऊ नका’ म्हणता येते की नाही, ही माझ्या मते खरी कसोटी आहे.

या व्यवस्थेचा गौरव करताना डोळे मिटण्याचे कारण नाही. जमिनीचे कागद बहुतांशी पुरुषांच्या नावे आहेत, म्हणून खंडही त्यांच्याच हाती पडतो. शेण-मातीची घरे स्वतःच्या हातांनी बांधणाऱ्या मासाई स्त्रीला त्या घराखालच्या जमिनीचे भाडे मिळत नाही. ज्यांना वाटणीत तुकडाच आला नाही त्यांचीही हीच स्थिती. गुरे कोठे, केव्हा चारायची यावर बंधने आली आणि त्यावरून तंटे झाले. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटन ठप्प झाले, तेव्हा ‘येवोत न येवोत’ हे सूत्र ताणले गेले. कित्येक ठिकाणी खंड कमी झाला वा थकला. पण तेवढ्यावरून पर्याय चांगला ठरत नाही. सीमेपलीकडे, टांझानियातील लोलिओंडो येथे २०२२ च्या जूनमध्ये सुमारे १,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र शिकार-राखीव म्हणून आखताना पोलीस आणि मासाई यांच्यात संघर्ष झाला. एक पोलीस मारला गेला, अनेक मासाई जखमी अवस्थेत केनियात पळाले. तेथे जमीन त्यांच्या नावे नव्हती.

आपल्याकडे ही तुलना जपूनच करावी लागते. आपले व्याघ्रप्रकल्प प्रामुख्याने सरकारी वनजमिनीवर आहेत. गावकऱ्याने खंडाने द्यावे असे तेथे त्याच्याजवळ काही नाही. प्रवेशशुल्काचा काही भाग गावांच्या विकासाला मिळतो, गाइड आणि जिप्सीचालक स्थानिक असतात, ही जमेची बाजू. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय अशा क्षेत्रातून पुनर्वसन करू नये, अशी तरतूद केली आहे. ‘नाही’ म्हणण्याच्या अधिकाराच्या सर्वांत जवळ जाणारी आपली गोष्ट ती. आणि ताडोबाचे नावच मुळी ज्या तारूवरून पडले, तो लोककथेनुसार वाघाशी झुंजताना मेलेला एका गावचा प्रमुख होता. तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. या रानाचा यजमान कोण, हे स्थळनामाने सांगून ठेवले आहे.

वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला नंतर विचारले, तेव्हा कळले की त्याचे वडील गाइड आहेत. फेरीमागे ठरलेले पैसे मिळतात. पावसाळ्यात मुख्य क्षेत्र बंद असते, त्या महिन्यांत मिळत नाहीत. तेव्हा ते दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवणीला जातात.