जमीन साफ झाली, म्हणजे नेमके काय झाले?



आजच्या विषयात रसायनशास्त्र आहे, कायदाही आहे. पण मुळाशी प्रश्न साधा आहे. कारखाना बंद पडतो, यंत्रं भंगारात जातात आणि खाली जमीन उरते. ती साफ करून लोकांच्या उपयोगाला द्यायची, असे ठरते. आता साफ म्हणजे किती साफ? आणि ते ठरवायचे कोणी? आपण अमेरिकेतील दोन जागांचा इतिहास पाहू आणि मग आपल्या देशात येऊ.

पहिली जागा नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने विजेसाठी तिथे कालवा खणायला घेतला आणि काम अर्धवट राहिले. त्या चरात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला. १९५३ साली ती जमीन स्थानिक शाळा मंडळाला १ डॉलरला देऊन टाकली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, आणि पुढे काही झाले तर कंपनी जबाबदार नाही, असेही लिहिले होते. तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. आता गंमत बघा, माहिती कागदावर होती. पण घरे घेणाऱ्या बहुतेकांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

१९७० नंतरच्या दशकात भूजल वर चढले आणि तळघरांत, अंगणांत रसायने झिरपू लागली. लोइस गिब्ज या गृहिणीने शेजाऱ्यांना एकत्र केले आणि घरोघरच्या आजारांच्या नोंदी गोळा केल्या. ऑगस्ट १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तिथे आणीबाणी जाहीर केली. १९८० साली ‘सुपरफंड’ कायदा झाला. ज्याने घाण केली त्यानेच खर्च भरावा, हे त्याचे सूत्र. घाण कायद्याच्या आधीची असली तरीही. २००४ साली लव्ह कॅनॉलचे नाव सुपरफंडच्या यादीतून वगळले गेले. पण पुरलेला कचरा आजही तिथेच आहे. वर मातीचे जाड आच्छादन, भोवती कुंपण, आणि झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याची कायमची यंत्रणा. यालाच तिथे ‘साफ’ म्हणतात.

दुसरी जागा सिएटलची. लेक युनियन तळ्याच्या काठी १९०६ पासून १९५६ पर्यंत गॅसचा कारखाना चालला; आधी कोळशापासून, नंतर तेलापासून. जमिनीत डांबर मुरले. पुढे शहराने जागा घेतली आणि उद्यानाचे काम रिचर्ड हाग या भूरचनाकाराकडे दिले. सगळी माती उचलून दुसऱ्याच्या दारात टाकण्यापेक्षा ती जागेवरच सुधारावी, असे त्यांनी ठरवले. मातीत मैलागाळ आणि लाकडाचा भुसा मिसळला, म्हणजे तेल खाणारे जिवाणू वाढतील. कारखान्याचे मनोरे त्यांनी पाडू दिले नाहीत. १९७५ साली उद्यान खुले झाले. पण १९८४ मध्ये तपासणीसाठी ते काही काळ बंद करावे लागले आणि पुन्हा स्वच्छ मातीचा थर द्यावा लागला. तळ्याच्या गाळाचा प्रश्न तर अजून शिल्लक आहे.

यातून आम्हांला एक गोष्ट दिसते. साफ असणे हा निव्वळ मातीचा गुण नव्हे. तो माती आणि माणूस यांच्यातला संबंध आहे. त्याच मातीवर वाहनतळ चालेल, पण भाजीचा वाफा चालणार नाही. मोठा माणूस तिथे बाकावर बसतो. लहान मूल माती तोंडात घालते. म्हणून आकडा प्रयोगशाळेतून येत असला, तरी तो कोणासाठी आणि कशासाठी लावायचा, हा निर्णय समाजाचा आहे. सिएटलमध्ये मनोरे उभे आहेत, म्हणून येणाऱ्याला निदान विचारावेसे वाटते, इथे काय होते? लव्ह कॅनॉलमध्ये वर हिरवळ होती, म्हणून कोणी विचारले नाही.

आता भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरातील ती रात्र सर्वांना ठाऊक आहे. पण त्या रात्रीच्या आधीपासून कारखाना आपला कचरा आवारात आणि बाष्पीभवनाच्या तळ्यांत टाकत होता. आसपासच्या वस्त्यांचे भूजल त्याने बिघडले. आवारात साठवलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला जाळण्यासाठी हलवला गेला, तो जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे ४० वर्षांनी. पीथमपूरच्या लोकांनी विचारले, आमच्याच दारात का? हा प्रश्न रास्तच होता. आणि मातीत, भूजलात जे मुरले आहे, ते या ३३७ टनांत मोजलेले नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले, हे चांगलेच झाले. त्यांची परीक्षा मात्र एकाच ठिकाणी होईल. अशा जागेवर उद्या घर घेणाऱ्याच्या, तिथे शाळा काढणाऱ्याच्या हाती त्या मातीचा सगळा कागद पडतो का? तो मागण्याचा हक्क आपला आहे. निदान सातबारा पाहतो, तितक्या बारकाईने तरी आपण तो मागावा.