आजोबांची वही आणि आपला काळ

गेल्या वर्षी गणपतीत आरतीनंतर आपण सगळे खाली मंडपात बसलो होतो. तेव्हा आपल्यातल्या दोघा-तिघा तरुण सभासदांनी विषय काढला. "काका, खरं सांगा, तुमच्या वेळीच मजा होती ना? ना ईएमआय, ना हे मोबाईल, शेजारीपाजारी सगळे घरच्यासारखे." मी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन "हो, हो" म्हणत मान हलवली. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला न तपासता व्हाउचरवर सही केल्यावर जसं वाटतं, तसं वाटत राहिलं. त्यामुळे संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा म्हटलं की ते व्हाउचर आता तपासूनच टाकू.

आमच्याकडे आजोबांची एक वही आहे. हिशेबाची, लांबट, लाल कापडी बांधणीची. आजोबा संगमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातून १९०७ च्या सुमारास मुंबईला आले आणि लालबागला एका गिरणीत साचे खात्यात लागले. शिक्षण मराठी चौथी, पण अक्षर मोत्यासारखं. वहीत पुढच्या बाजूने पगार, खानावळ, गावी पाठवलेली मनीऑर्डर असा सगळा हिशेब आहे. मागच्या बाजूने वही उलटी धरली की मुलांच्या जन्माच्या नोंदी लागतात.

माझ्या आजीला कोणी मुलं किती असं विचारलं, तर ती "तीन" म्हणायची. माझे वडील, काका आणि आत्या. वहीत नोंदी आठ आहेत. त्यातल्या पाच नोंदींपुढे दुसरी तारीख आहे. एकापुढे 'देवी', एकापुढे 'सुवेरात', म्हणजे बाळ बाळंतिणीच्या खोलीतूनच बाहेर आलं नाही. एकापुढे कारणच नाही. राहिलेल्या दोघांबद्दल पुढे सांगतो.

हे आमच्याच घरात घडलं असं कोणी समजू नये. मुंबई शहराचे १९२१ सालचे आकडे उपलब्ध आहेत. त्या वर्षी जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सहाशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत गेली अशी नोंद आहे. बँकवाला असल्यामुळे मला अशा आकड्याचा पटकन विश्वास बसत नाही, आणि त्यात थोडी फुगवटी आहेही. गिरणगावातल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्म तिकडे आणि मृत्यू इकडे नोंदला गेला की प्रमाण वाढलेलं दिसतं. तरी हा हिशेब वजा करूनही जे उरतं ते भयंकरच आहे. आज महाराष्ट्रात हाच आकडा हजारी विसाच्या आत आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरच्या घरात आहे. आपल्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा भरतो, त्याचं कारण हे आहे. आजोबांच्या चाळीत असा कट्टा भरवायचा म्हटला असता, तर माणसं जमवणंच कठीण गेलं असतं.

आता त्या दोन नोंदींबद्दल.

१९१८ सालच्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ आली. पहिल्या महायुद्धाच्या सैनिकांची ने-आण करणाऱ्या जहाजांवरून ती बंदरात उतरली असं मानतात. पहिली लाट तशी सौम्य होती, पण सप्टेंबरात दुसरी आली ती कर्दनकाळ होऊनच. ६ ऑक्टोबर या एका दिवसात शहरात ७६८ माणसं दगावली. देशभरात एक कोटीहून अधिक लोक गेले. जनगणना सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली असं एकच दशक आहे, १९११ ते १९२१. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा माणसं पाळीपाळीने झोपत. तिथे काय झालं असेल याची कल्पना करा. गिरण्यांतली माणसं घाबरून गावी पळाली.

आजोबाही निघाले. वहीत शके १८४०, आश्विन महिन्यात बोटीच्या तिकिटाचा खर्च आहे. जयगडला उतरून पुढे मचवा आणि मग पायी, असा त्यांचा प्रवास. नंतर एक ओळ, 'घरी पोचलो, अंगात कणकण.' त्यानंतर पंधरा दिवस वहीत काहीच नाही. मग मागच्या पानावर दोन नोंदींपुढे तारखा पडल्या आहेत. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. दोघांच्या तारखांत चार दिवसांचं अंतर.

आजोबांनी ती साथ घरी नेली, हे माझ्या लक्षात यायला मलाही वयाची साठी उलटावी लागली. लहानपणी मी ती पानं पाहिली होती, पण जोडून वाचली नव्हती. त्यांना हे कळलं होतं का, आजीला कळलं होतं का, दोघांचं यावर कधी बोलणं झालं का, हे आता कोण सांगणार. ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागतो एवढं लोकांना माहीत होतं. पण घरी जाऊ नका, वेगळं झोपा, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं. त्या रोगाचा विषाणू माणसात सापडला तोच मुळी १९३३ साली.

२०२० च्या मार्चमध्ये माझा मुलगा बंगळुरूहून गाडी काढून निघायच्या बेतात होता. मी त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं, येऊ नकोस. तो चिडला, त्याची आई रडली. अकरा महिने आम्ही नातवंडं फोनच्या पडद्यावर पाहिली. त्या दिवसांत ती वही मी बरेचदा काढून बसत होतो. आपल्या सोसायटीतल्या मुलांनी जिन्याच्या तोंडाशी टेबल मांडून प्रत्येक मजल्यावर भाजी, दूध, औषधं पोचवली, ते आपण सर्वांनी पाहिलं आहे. तरी दुसऱ्या लाटेत आपले दोन सभासद गेले. एकांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत आम्ही रात्रभर फोन करत होतो. म्हणजे सगळं नीट होतं असं मी म्हणणार नाही. पण १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस सुरू झाली आणि त्याच महिन्यात मी दंड पुढे केला. आजोबांपुढे यातलं काहीच नव्हतं.

वहीच्या पुढच्या बाजूलाही एक पान आहे, ते मी बँकेत नव्या क्लार्कना शिकवताना सांगायचो. १९१२ साली आजोबांनी गावच्या घराच्या शाकारणीसाठी सावकाराकडून चाळीस रुपये घेतले. दर रुपयाला महिना एक आणा. म्हणजे महिन्याला अडीच रुपये फक्त व्याज, वर्षाला तीस रुपये, दर शेकडा पंचाहत्तर टक्के! मुद्दल चाळीसच्या चाळीस शिल्लक. ते कर्ज सहा वर्षांनी फिटलं. आपल्यापैकी बहुतेकांनी २००० साली बारा-तेरा टक्क्यांनी कर्ज काढून हे फ्लॅट घेतले आणि तेव्हा आपण व्याजदराच्या नावाने बोटं मोडत होतो. (मीही मोडत होतो, आणि मी तर बँकेतला होतो.)

सावकारी पाशाचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतली कर्जखतं काढून जाळली, त्याला आपण दख्खनचे दंगे म्हणतो. त्यातून पुढे कायदे झाले. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तो फक्त पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मिळाली. मधल्या काळात, १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. दाटीवाटीची घरं हीच रोगाची घरं, हे तेव्हा सरकारच्या डोक्यात शिरलं आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ मध्ये गावदेवीला रावबहादूर तल्माकींच्या पुढाकाराने सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. आपण 'को-ऑप. हौ. सो.' अशी पाटी लावतो, त्या घराण्याची ती पणजी. वार्षिक सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा भरवताना मला कधी कधी ही पणजी आठवते.

आता चाळीतल्या शेजाराबद्दल. मी चाळीतच वाढलो. दहा बाय बाराची खोली, आम्ही सात माणसं, मजल्यावर चार संडास आणि एक मोरी. नळाला पाणी पहाटे चारला येई. चाळीचं प्रेम सांगणारे बहुतेक पुरुष असतात असं माझं निरीक्षण आहे. माझ्या आईला मी चाळीच्या आठवणीने हळवं झालेलं कधी पाहिलं नाही. तिने वीस वर्षं हंडे उचलले. दिवसा कॉमन संडासाला जायची लाज म्हणून ती पाणी कमी प्यायची, हे तिने माझ्या बायकोला सांगितलं, मला कधीच नाही. १९७८ मध्ये डोंबिवलीत आम्ही एक खोली आणि स्वयंपाकघर घेतलं, तेव्हा तिने पहिल्या दिवशी दार आतून लावून कडी घातली आणि ती हसायला लागली. वडिलांना काही कळेना. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, आणि त्या दोघांना स्वतःचं म्हणावं असं बंद दार पहिल्यांदाच मिळालं होतं.

शेजार होता, ते खरं आहे. वडिलांना रात्री छातीत कळ आली, तेव्हा मी हाक मारायच्या आत पाच माणसं खोलीत आली होती. आपल्याकडे गेल्या वर्षी एक ज्येष्ठ भगिनी बाथरूममध्ये पडल्या आणि दुपारी कामवाली येईपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. दारं जाड झाली आहेत. आपल्या कमिटीने त्यानंतर सकाळच्या फोनची यादी केली. ती यादी दोन महिने चालली, आता बंद आहे. ती पुन्हा सुरू करावी अशी विनंती मी इथेच करून ठेवतो.

आणि प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा सुखी होते असाही नियम नाही. आजोबांच्या मागे काका त्याच गिरणीत लागले, कायम नोकरी, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी घेऊन सन्मानाने निवृत्त झाले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, तिसऱ्या पिढीचा साचेवाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप कोणी मागे घेतला असं कधी जाहीर झालंच नाही. त्या वेळी मी गिरणगावातल्याच एका शाखेत दागिन्यांवरच्या कर्जाच्या टेबलावर होतो. पहिल्या दोन महिन्यांत बांगड्या आल्या, मग पाटल्या. गणपतीच्या सुमारास बायका मंगळसूत्राच्या वाट्या काढून आणू लागल्या, गळ्यात नुसते काळे मणी. मी त्या वाट्या काट्यावर ठेवत होतो. दोन वर्षांनी लिलावाच्या नोटिसा निघाल्या, त्यांवर सही माझी. त्यांतली काही नावं आमच्या चाळीतली होती. चुलतभाऊ पुढे एका इमारतीत वॉचमन झाला, गिरणीतल्या निम्म्या पगारावर. त्याला "तुझा काळ बापापेक्षा बरा" असं सांगायची माझी हिंमत नव्हती.

आजही आपल्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींपैकी काहींच्या घरी पहाटे चारलाच नळ येतो. एकीने परवा सांगितलं, तेव्हा माझ्या आईची वेळ आठवली. तरुण सभासदांची तक्रारही मी हसण्यावारी नेत नाही. ७.१२ च्या लोकलला लटकून गेलेला मुलगा रात्री साडेनऊला परत येतो. कोविडची वर्षं सोडली तर मुंबईच्या लोकलमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जातात. आजोबा गिरणीत पायी जात आणि भोंगा झाला की दहा मिनिटांत खोलीवर येत.

तरी गणपतीत विचारलेल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर आता "नाही" असं आहे. तुमचाच काळ बरा आहे. माझ्या मुलाला दोन मुलं झाली आणि दोघंही आहेत. ती राहतील की नाही, हा विचारसुद्धा आमच्या सुनेच्या मनाला शिवला नाही. आजीला तो आठ वेळा करावा लागला.

वही आता जीर्ण झाली आहे, पानं सुटू लागली आहेत, म्हणून मी तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं आहे. रौप्यमहोत्सवाच्या प्रदर्शनात ती मांडायची असं कमिटीने सुचवलं होतं, पण मागची पानं अशी टेबलावर उघडी ठेवायला मन घेत नाही. ज्यांना पाहायची असेल त्यांनी संध्याकाळी पाचनंतर आमच्याकडे यावं. चहा घेऊ आणि बसून बघू.