खांद्यावरची शेज : घोंगडी, पंचा आणि भीमाकाठचा प्रवास (थ्रेड)

१/ १६६४ च्या अखेरीस औरंगजेब काश्मीरकडे निघाला. एक डेरा मुक्कामी असताना दुसरा पुढच्या मुक्कामाकडे रवाना होई. हा पुढचा डेरा, म्हणजे पेशखाना, वाहण्यास ६० हून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत, असे फ्रेंच वैद्य बर्निए लिहितो. त्याच काळी दख्खनच्या वाटसरूची सारी शेज खांद्यावर मावत असे : एक घोंगडी.

२/ पुढे हा बादशाही पसारा भीमाकाठी आला. दौंडजवळच्या पेडगावचा बहादूरगड हा मुघलांचा मोठा तळ. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले, ते येथेच. अशा फौजेशी झुंजणारा मराठा स्वार भाला शेजारी रोवून, लगाम हाताला बांधून उघड्या जमिनीवर झोपे, असे इंग्रज इतिहासकारांनी नमूद केले आहे. अंथरूण जितके थोडे, तितका कूच वेगवान.

३/ शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा मुलूख. दिवसा ऊन, हिवाळ्यात रात्री बोचरी थंडी, चरायला माळरान. येथे दख्खनी मेंढी टिकली आणि तिच्या जाड्याभरड्या लोकरीची घोंगडी घरोघरी आली. धनगर स्त्रियांनी सूत कातावे, सनगरांनी ते मागावर विणावे, चिंचोक्याच्या खळीने ताठ करावे, अशी ही साखळी होती.

४/ घोंगडी टिकली ती उपयोगामुळे. लोकरीचे तंतू नागमोडी. त्यांच्यात हवा अडकते आणि ऊब राहते. आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी ओल लोकर ओली न भासता पोटात घेते. रात्री अंथरूण, पहाटे पांघरूण, पावसात डोक्यावरून खोळ, घोड्यावर खोगिराखालचे कापड : वस्तू एक, कामे चार.

५/ दोषही होता. पुरती भिजली की ती जड होते आणि लवकर वाळत नाही. रेंगाळलेल्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात, ते उगीच नव्हे!

६/ ही उणीव पंचाने भरून काढली. विरळ विणीचा हा सुती कपडा अंग पुसून पिळला आणि खांद्यावर टाकला, की चालता चालता वाळे. शिवाय उन्हात डोक्याला गुंडाळायला, शिदोरी बांधायला, नदीवर स्नानाला नेसायला तोच. घोंगडी उबेसाठी, पंचा ओलाव्यासाठी : दोन कापडांत प्रवास भागत असे.

७/ मग आगगाडी आली. १८६० मध्ये रूळ सोलापूरला पोहोचले, १८६३ मध्ये मुंबई-पुणे मार्ग पूर्ण झाला आणि १८७८ मध्ये मनमाडचा फाटा जोडला जाऊन दौंड जंक्शन झाले. ओझे आता पाठीवर नव्हे, डब्यात. गादी-उशीसकट वळकटी बांधली जाऊ लागली. साहेबी थाटाचा होल्डॉल आला.

८/ त्याच लोहमार्गावरच्या सोलापुरात १८७७ मध्ये मोठी कापडगिरणी निघाली. पुढे सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल नावारूपाला आले. दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. टेरीतील धाग्यांचे फासे पाणी भरपूर शोषतात आणि धरूनही ठेवतात. घरच्या दोरीवर हा गुण. रोज मुक्काम हलवणाऱ्याला तोच जाच.

९/ हे वारकऱ्याइतके कोणाला ठाऊक? संत तुकाराम महाराजांची पालखी आजही दौंड तालुक्यातील यवत व वरवंड येथे मुक्काम करते, तीही ऐन पावसाळ्यात. दिंडीचे मोठे सामान ट्रकमधून जाते. तरी मुक्कामी शिस्त जुनीच : आधी प्लॅस्टिकचा कागद, त्यावर घोंगडी वा सतरंजी, मग चादर. निजणाऱ्याची ऊब आधी जमीन ओढून घेते. म्हणून खालचा थर वरच्याहून मोलाचा.

१०/ आजची स्लीपिंग बॅगही याला अपवाद नाही. अंगाखाली तिचे भरण दबते, हवा निघून जाते आणि मॅट नसेल तर महागडी बॅगही गारठा थांबवत नाही. मायक्रोफायबरचा टॉवेल वाखाणला जातो तो हलका आणि लवकर वाळणारा म्हणून. पंचाची ख्यातीही याच दोन गुणांची. कमी खर्चात गडावर मुक्काम करणाऱ्याने प्रत्येक वस्तूला तीनच प्रश्न विचारावेत : वजन किती, वाळते कधी, कामे किती?

११/ मात्र घोंगडीचे भवितव्य आज अवघड आहे. भरड लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कातरणीची मजुरीही सुटत नसल्याने अनेक मेंढपाळ लोकर फेकून देतात. माग थांबला, की खळीचे प्रमाण, विणीचा घट्टपणा, सुताचा पीळ हे ज्ञानही विणकराबरोबर जाते. बादशहाचा पेशखाना ग्रंथांत नोंदला गेला. घोंगडीची विद्या बहुतांशी हातांतच राहिली आहे. ते हात अजून आहेत, तोवरच ती लिहून घेता येईल.