अभिप्रायार्थ दोन प्रती

छापखान्यांतून नव्या पुस्तकाचा पहिला गठ्ठा घरीं येतो, तेव्हां ग्रंथकाराच्या मनास जो आनंद होतो तो फार तर आठ दिवस टिकतो. नवव्या दिवसापासून तो टपालवाल्याची वाट पाहूं लागतो. पुस्तक कोणी वाचलें काय, वाचून त्याविषयीं कोणी दोन शब्द लिहिले काय, या चिंतेनें त्यास घेरलेलें असतें. ‘गुरुजी, पुस्तक काढलें खरें, पण त्याचें परीक्षण कसें मिळवावें?’ हा प्रश्न माझे जुने विद्यार्थी मला पुष्कळदां विचारतात. मी कांहीं पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म मुलांच्या वह्या तपासण्यांत घालविलेला मी एक शाळामास्तर. परंतु हा प्रश्न आजचा नव्हे. मराठी छापील ग्रंथाच्या जन्मापासून तो आपल्या पाठीशीं आहे. त्याचा इतिहास पाहिला तर उत्तराचीहि दिशा सांपडते, असें मला वाटतें. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडतों.

आरंभीं ग्रंथकाराची दृष्टि वाचकाकडे नव्हती, सरकाराकडे होती. पेशव्यांच्या काळीं श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जात असे. इंग्रजी अमलांत तींत काटछाट होत गेली, आणि तिच्यांतील कांहीं द्रव्य देशी भाषेंतील ग्रंथांकडे वळवावें, असा अर्ज लोकहितवादीप्रभृति सुधारकांनीं केला. पुढें १८५१ सालीं ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली. ग्रंथकारानें आपलें हस्तलिखित कमिटीकडे पाठवावें, तिनें तें तपासावें, आणि पसंत पडल्यास बक्षीस द्यावें, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे आपल्याकडे परीक्षण आलें तें प्रथम परीक्षेच्या रूपानें. अभिप्राय अनुकूल पडला तर ग्रंथ छापला जाई. प्रतिकूल पडला तर लोकांस त्याचें नांवहि कळत नसे.

या व्यवस्थेंत काय राहून जाऊं शकतें, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहून या कमिटीकडे धाडलें. तें स्वीकारलें गेलें नाहीं; कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें कोणाचें कांहीं चाललें नाहीं, असें त्यांनीं पुढें ‘गुलामगिरी’ या ग्रंथांत नमूद केलें आहे. तें नाटक छापून लोकांपुढें येण्यास १९७९ साल उजाडावें लागलें. एका अभिप्रायाची किंमत सव्वाशें वर्षें झाली, असें म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति नाहीं.

पुढें १८६७ सालीं दोन गोष्टी घडल्या. त्या वर्षाच्या पंचविसाव्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तक सरकारांत दाखल करणें सक्तीचें झालें, आणि अशा पुस्तकांच्या त्रैमासिक याद्या सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध होऊं लागल्या. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९८ सालीं मराठी वाङ्मयाच्या वाढीचा जो आढावा घेतला, त्यास अशाच सरकारी नोंदींचा आधार होता. परंतु नोंद म्हणजे परीक्षण नव्हे. हजेरीपटावर मुलाचें नांव चढलें म्हणजे त्याचा अभ्यास कोणी पाहिला, असें होत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच वर्षीं मुंबईस ‘विविधज्ञानविस्तार’ हें मासिक निघालें. रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे त्याचे आरंभींचे संपादक. या मासिकानें जवळजवळ सात दशकें मराठी ग्रंथांचे सविस्तर परामर्श छापले. आतां ग्रंथकारास कमिटीच्या दाराशीं ताटकळण्याचें कारण उरलें नाहीं. तो आपला ग्रंथ मासिकाच्या संपादकाकडे ‘अभिप्रायार्थ’ पाठवूं लागला. अभिप्राय आतां बक्षिसासाठीं नव्हता, वाचकांसाठीं होता. परीक्षकाच्या मागून सारा वाचकवर्ग खांद्यावरून डोकावून पाहत होता.

त्यानंतर १८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें, आणि तेहि माझ्यासारखे शाळामास्तरच होते! निबंधमालेचे ८४ अंक निघाले. इंग्रजी वळणाची मराठी लिहिणाऱ्या भाषांतरकारांस तिनें सळो कीं पळो करून सोडलें. १८८१ सालीं ‘केसरी’ निघाला, तेव्हां नव्या मराठी ग्रंथांवर टीका करणें हा त्याच्या अंगीकृत कार्याचा एक भाग म्हणून आधींच जाहीर करण्यांत आला होता. राजकारणाच्या जोडीला ग्रंथपरीक्षणास जागा देणें हें त्या पिढीस सहज वाटत होतें, ही गोष्ट आजच्या संपादकांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे.

परंतु शास्त्रीबुवांच्या लेखणीस एक बाजू अशीहि होती कीं, तिचा गौरव करतांना ती झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. जोतीरावांच्या ग्रंथांवर त्यांनीं निबंधमालेंत टीका केली, ती मुख्यतः भाषेच्या आणि व्याकरणाच्या चुकांवर. ग्रंथकार काय म्हणतो, तो कोणाचें दुःख सांगतो, या प्रश्नाशीं त्यांनीं सहानुभूतीनें गांठ घातली नाहीं. वही तपासतांना ऱ्हस्वदीर्घाखालीं तांबडी रेघ ओढावी आणि मुलानें निबंधांत काय लिहिलें तें वाचूंच नये, तसा हा प्रकार झाला. हा दोष माझ्या हातूनहि शाळेंत अनेक वेळां घडला आहे, म्हणून तो मला चटकन् ओळखूं येतो.

१८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें छोटेंसें पुस्तक पुण्यास छापविलें. त्याच्या वांट्यास आली ती बहुतांशीं टवाळी. आणि ती करणाऱ्यांत सत्यशोधक मंडळींतलेहि कांहीं होते. जोतीरावांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू घेऊन त्या टीकाकारांस खडसावलें. ज्यास स्वतःस न्याय्य परीक्षक मिळाला नाहीं, तो दुसऱ्याचा न्याय्य परीक्षक झाला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तरीहि तें पुस्तक पुढें विस्मृतींत गेलें. डॉ. स. गं. मालशे यांनीं तें १९७५ सालीं पुनः प्रकाशांत आणलें, तेव्हां त्याची खरी वाचना सुरू झाली.

आतां थोडी आनंददायक हकीकत सांगतों. १८८६ सालीं ‘केरळकोकिळ’ नांवाचें मराठी मासिक निघालें. त्याचे संपादक कृष्णाजी नारायण आठल्ये हे दूर मलबार किनाऱ्यावर कोचीनास राहत. परंतु त्यांचें ‘पुस्तकपरीक्षा’ हें सदर महाराष्ट्रांत मोठ्या आवडीनें वाचलें जाई. तिकडे वऱ्हाडांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करीत राहिले. त्यांचा लेखनप्रवेशच १८९३ सालीं ‘विविधज्ञानविस्तारां’त ‘विक्रमशशिकला’ या नाटकाच्या परीक्षणानें झाला. एक परीक्षक कोचीनला, दुसरा वऱ्हाडांत! चांगल्या परीक्षकास पुण्यामुंबईंतच बिऱ्हाड करावें लागतें असें नाहीं. आणि ग्रंथकारानेंहि त्यास केवळ त्या दोन शहरांतच शोधावें असें नाहीं.

पुढें मासिकें वाढलीं, दैनिकें वाढलीं, पुस्तकें तर त्यांहून वाढलीं. मग ‘दोन प्रती पाठवाव्या’ हा नियम आला आणि त्याच्या मागोमाग ‘साभार पोच’ हें सदर आलें. पुस्तकाचें नांव, लेखकाचें नांव, पृष्ठें, किंमत: संपलें! १९६४ सालीं मुंबईस केशवराव कोठावळे यांनीं ‘ललित’ हें केवळ ग्रंथांस वाहिलेलें मासिक काढलें, त्यामागें वाचकांची ही भूक होतीच.

या पोचेच्या सदराशीं माझाहि संबंध आला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या तालुक्यांतील जुन्या बारवांवर मी एक लहान पुस्तक पदरमोड करून छापलें. अकरा नियतकालिकांस प्रत्येकीं दोन अशा बावीस प्रती रवाना केल्या. सहा महिन्यांत एका ठिकाणीं पोच आली, तींत ‘बारवा’च्या ऐवजीं ‘बारसें’ छापलें होतें. एका साप्ताहिकाकडून निरोप आला कीं, परीक्षण आपणच लिहून पाठवा, आम्ही छापूं. श्रोतेहो, खोटें कशाला सांगूं? मी त्या रात्रीं बसून स्वतःच्या पुस्तकाचें परीक्षण लिहिलें आणि खालीं एका जुन्या विद्यार्थ्याचें नांव घालावें म्हणून सकाळीं त्याच्याकडे गेलों. त्यानें तें शांतपणें वाचलें आणि म्हणाला, “गुरुजी, नांव घाला, माझी ना नाहीं. पण तुम्ही आम्हांला कधीं दहापैकीं दहा गुण दिले नाहींत, आणि इथें स्वतःला अकरा दिलेत.” तो कागद मीं तेथेंच फाडला. आजहि तो प्रसंग आठवला कीं मान खालीं जाते.

त्यानंतर महिन्याभरानें एक पत्र आलें. बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसियरांनीं ग्रंथालयांतून माझें पुस्तक नेऊन वाचलें होतें. त्यांनीं तीन चुका दाखविल्या होत्या. एका बारवेच्या कांठावरील दगडी खाचांस मीं शोभेचें काम म्हटलें होतें. त्या मोटेच्या दोरानें पडलेल्या खाचा होत, असें त्यांनीं आकृति काढून समजाविलें होतें. शेवटीं लिहिलें होतें, “आपण बारव वरून पाहिली, आंत उतरलां नाहीं. परंतु पुस्तक उपयोगी आहे. दुसरी आवृत्ति काढावी.” तें पत्र कोठेंहि छापलें गेलें नाहीं. पण माझ्या पुस्तकाचें खरें परीक्षण तेंच. मी पुनः त्या बारवेंत उतरलों, आणि दुसरी आवृत्ति त्या तीन दुरुस्त्यांसह निघाली.

म्हणून ज्या तरुण ग्रंथकारांनीं हा प्रश्न विचारला, त्यांस माझें सांगणें इतकेंच आहे. बावीस प्रती बावीस कचेऱ्यांस पाठविण्यापेक्षां, तुमच्या विषयांत ज्यांनीं हात घातला आहे अशीं पांच माणसें शोधा. प्रतीसोबत चार ओळींचें पत्र द्या. त्यांत पुस्तकांत नवें काय आहे तें सांगा, स्तुतीची याचना करूं नका. जिल्ह्याचें ग्रंथालय, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, लहान गांवचें मासिक यांस कमी लेखूं नका. प्रतिकूल अभिप्राय आला तर उत्तर देण्याची घाई न करतां त्यांत खरें किती आहे तें आधीं पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, दुसऱ्यांचीं पुस्तकें वाचून त्यांवर प्रामाणिकपणें लिहा. ज्या गांवांत कोणीच दुसऱ्याचें वाचीत नाहीं, त्या गांवांत आपलें कोण वाचणार?

परीक्षकांसहि एक विनंति आहे. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. सोपानदेवांनीं आईच्या गाण्यांची वही आचार्य अत्रे यांस दाखविली, आणि अत्र्यांनीं ती वाचली. त्यांच्याच प्रस्तावनेसह ‘बहिणाईचीं गाणीं’ १९५२ सालीं बाहेर आलीं. परंतु तीं छापलेलीं पाहण्यास बहिणाबाई उरल्या नव्हत्या. १९५१ च्या डिसेंबरांतच त्यांचें देहावसान झालें होतें. ती वही न वाचतां बाजूस ठेविली गेली असती तर आपण काय गमावलें असतें, याचा विचार करावा. तुमच्या मेजावर जो गठ्ठा पडला आहे, त्यांत अशी एखादी वही असूं शकेल. पोच देण्यापूर्वीं निदान दहा पानें वाचा.